नलिनीताईंचा उजवा कौल

नलिनीताईंनी सांगितलेलं एकही वाक्य खोटं ठरलेलं नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. आमच्या सोसायटीतले लोक आता कांदिवलीपासून विरारपर्यंत भाड्याच्या घरांत विखुरलेत आणि दोघे जण कुठे भेटले की ‘त्या बाईमुळे वाट लागली’ हे ऐकू येतंच. मला त्याचा संताप येतो. तेव्हा टाळ्या वाजवणारे तेच, आता बोटं मोडणारेही तेच. मी त्या वेळी कमिटीवर होते. सगळं माझ्यासमोर झालं.

नलिनी तिरोडकर दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. वडील वेंगुर्ल्याकडून येऊन गिरणीत लागलेले. त्यांना सोडतीत हे घर मिळालं तेव्हा ताई कॉलेजात होत्या. लग्न केलं नाही. आई-वडिलांचं दोघांचंही अंथरुणातलं दुखणं त्यांनी एकटीनं काढलं, भाऊ दुबईहून फोन करायचा. एवढं सगळं करून बाई कधी रडगाणं गाताना दिसल्या नाहीत, पण फारशा हसतानाही दिसल्या नाहीत. बाजारात भेटल्या तर कोथिंबिरीचा भाव सांगून पुढे जायच्या.

नोकरी त्यांची सरकारी विमा कंपनीत. पॉलिसी विकायची नव्हे, कंपन्या तपासायची. मोठी जोखीम कुठलीच विमा कंपनी एकटी अंगावर घेत नाही, तिचे वाटे करून दुसऱ्या कंपन्यांना देते. उद्या जहाज बुडालं किंवा कारखाना जळला तर त्या दुसऱ्या कंपनीनं आपला वाटा भरायचा. तो भरण्याइतकी ती कंपनी धडधाकट आहे का, हे ताई बघायच्या. हे काम त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता समजावलं होतं. एखाद्या कंपनीबद्दल बोलताना ‘हिची तब्येत बरी आहे’ म्हणायच्या, आणि धंदा भराभर वाढवणारी कंपनी असली की ‘हे बाळसं नाही गं, सूज आहे’ म्हणायच्या. दोन मोठ्या कंपन्या कोसळल्या त्याच्या आधीच त्यांनी त्या नापास केल्या होत्या, असं त्यांच्या ऑफिसातला एक माणूस मला सांगून गेला. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत.

मग आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं निघालं. इमारतीचे सज्जे पडायला आले होते, तळमजल्यावर पावसाळ्यात गटाराचं पाणी यायचं, तेव्हा निघायलाच हवं होतं. बिल्डर ठरला. मोठं घर देणार, घर होईपर्यंत भाडं देणार. पण बिल्डरनं काम अर्धवट टाकलं तर काय, हा प्रश्न सगळ्या मुंबईत सगळ्यांना पडतो तसा आम्हालाही पडला. आम्ही बँक गॅरंटी मागितली. बिल्डर म्हणाला, बँकेकडे माझे पैसे अडकून पडतात, त्यापेक्षा विमा कंपनीची हमी घ्या, आता कायद्यानं चालते. त्यानं नाव दिलं ‘स्थैर्य इन्शुरन्स’. गाडीचा नाही, आजारपणाचा नाही, ही कंपनी फक्त अशा हमीचाच विमा करायची. रस्ते बांधणारे, पूल बांधणारे, बिल्डर, सगळ्यांना जामीन राहणारी.

आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे. त्यांनी कामं वाटून दिली. हमीच्या कागदातली भाषा वकिलांनी बघायची, आणि कंपनी नलिनीताईंनी. ‘ताई, तुम्ही फक्त एवढंच सांगा, वेळ आली तर ही कंपनी पैसे देऊ शकेल का,’ असं ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. त्यात काही खोट आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

ताईंनी दीड महिना घेतला. कंपनीचे अहवाल छापून आणले, तीन-तीन रंगांच्या पेन्सिलींनी रेघा मारल्या. मग मला घेऊन अंधेरीला, चकाल्याच्या ‘स्थैर्य’च्या ऑफिसात गेल्या. आत जायच्या आधी रिसेप्शनला अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. मी कंटाळले. मला म्हणाल्या, पाण्याचं मशीन चालतंय, माणसं वेळेवर येतायत, कुणी दबक्या आवाजात बोलत नाहीये, हेसुद्धा बघायचं असतं. हिशेबाच्या साहेबानं आम्हाला चहा दिला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. चाळिशीचा, पोक्त, नम्र माणूस. ताई खूश होत्या, म्हणजे त्यांच्या मानानं खूश.

कायद्याला लागतो त्याच्या तिप्पट पैसा कंपनीनं राखून ठेवला होता. पैसा सरकारी रोख्यांत होता, एकाही बिल्डरच्या कागदात नव्हता. तिची जोखीम वाटून घेणाऱ्या परदेशी कंपन्या ताईंच्या जुन्या ओळखीच्या आणि ठणठणीत. धंदा वाढत होता, पण सूज नव्हती. फक्त एका ठिकाणी ताईंची पेन्सिल थांबली होती. शंभर रुपये हप्ता गोळा झाला तर दाव्यांवर चार रुपयेसुद्धा जात नव्हते. त्यांनी विचारलं. साहेब म्हणाला, आम्ही बिल्डर पारखून घेतो मॅडम, आणि हा धंदा आपल्याकडे नवा आहे, दावे यायला वेळ लागतो. ते पटण्यासारखं होतं. ताईंच्या आयुष्यात कमी दावे ही चांगलीच खूण होती. आगी कमी लागल्या, जहाजं कमी बुडाली, की दावे कमी.

पुनर्विकासाच्या संमतीवर शांताबाईंची सही मात्र अजून बाकी होती. शांताबाई कांबळे ताईंच्या समोरच्या दारात राहायच्या, नातू प्रबुद्धबरोबर. नवरा आरेच्या डेअरीत बाटल्या धुण्याच्या खात्यात होता, त्याच्या फंडातून त्यांनी हे घर घेतलेलं. त्याआधी त्यांचं कुर्ल्याचं झोपडं दोनदा तुटलं होतं, म्हणून घर पाडायचं म्हटलं की बाई ताठ व्हायच्या. प्रबुद्ध सांताक्रूझला विमानतळावर कार्गोत कामाला. तो आजीला समजावून थकला. शेवटी ताई आणि मी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि बराच वेळ ऐकून घेतल्यावर विचारलं, ‘बिल्डर पळाला तर ती कंपनी देत्याल नव्हं पैसं?’

‘शांताबाई, कंपनीकडे पैसा बक्कळ आहे,’ ताई म्हणाल्या. ‘आपल्यासारख्या तीन सोसायट्यांना एका वेळी पुरेल इतका. मी स्वतः बघून आलेय.’

बाई उठून उभ्या राहिल्या. मग प्रबुद्धला म्हणाल्या, आण कागुद. ताईंनी सही केली त्याच पेनानं त्यांनी केली.

सभा इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत भरली. ताईंनी सगळं दहा मिनिटांत सांगितलं, आवाज न चढवता. राणेंनी पुन्हा विचारलं, मग देऊ शकेल ना? ताई म्हणाल्या, हो, निर्धास्त देऊ शकेल. तळमजल्याचे धाकू गुरव उठून उभे राहिले. त्यांचं घराणं कुडाळकडचं, गावच्या देवळात कौल लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला, डावीकडची पडली की नाही. धाकूकाका म्हणाले, तायनी उजवो कौल दिल्यान. सगळे हसले, टाळ्या पडल्या. कोकणातली माणसं निम्म्याहून अधिक, त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. वरच्या मजल्याचा एक मुलगा ‘झकास’ म्हणून ओरडला. ताई खाली बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

आम्ही घरं रिकामी केली. इमारत पडली. दीड वर्ष भाडं वेळेवर येत होतं, नवी इमारत तिसऱ्या स्लॅबपर्यंत वर आली, आणि मग एक दिवस क्रेन हलेना. आधी मजूर कमी झाले, मग वॉचमन तेवढा राहिला. भाडं बंद. बिल्डर म्हणाला, थोडी कळ काढा, पैसे अडकलेत. नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तरी आम्ही फार घाबरलो नाही, हे आठवलं की आता मला नवल वाटतं. आमच्याकडे हमी होती. राणेंनी ‘स्थैर्य’ला पत्र टाकलं. उत्तर आठवड्याच्या आत आलं, इतकं अदबशीर की वाचून बरं वाटलं. दोन वेळा वाचल्यावर कळलं की पैसे देत नाहीयेत. बिल्डर म्हणतो की उशीर त्याच्या दोषानं झालेला नाही. तुम्ही म्हणता दोष त्याचाच. तेव्हा दोष कुणाचा हे कोर्टानं ठरवावं, ठरलं की आम्ही आनंदानं पैसे देऊ. असा त्याचा अर्थ. आमच्या वकिलांनी कागद पुन्हा काढून बघितला. तसं वाचायला जागा होती. ते म्हणाले, भाषा नेहमीचीच आहे, कंपनी चांगली असली तर इतकं ताणत नाही, आणि कंपनी चांगली आहे असं तुमच्याच बाईंनी सांगितलं होतं.

ताई आणि मी परत चकाल्याला गेलो. तेच रिसेप्शन, तेच पाण्याचं मशीन. साहेबाला बढती मिळाली होती, केबिन मोठी झाली होती. या वेळीही चहा आला. ताईंनी विचारलं, आमच्यासारखे किती दावे तुमच्याकडे कोर्टात आहेत? त्यानं आकडा सांगितला नाही, पण काही लपवल्यासारखंही केलं नाही. म्हणाला, आमच्या पॉलिसीप्रमाणे आम्ही प्रत्येक दावा आधी तपासून घेतो. मग अगदी आपुलकीनं पुढे वाकून म्हणाला, ‘मॅडम, आमची बॅलन्सशीट तुमच्याइतकी बारकाईनं कुणी वाचली नसेल. पैसे आहेत. प्रश्न पैशाचा नाहीच.’

मला त्या माणसाच्या अंगावर चहा फेकावासा वाटला. ताई म्हणाल्या, हो, मला माहीत आहे. पर्स उचलली आणि उठल्या.

आम्ही रिक्षा केली. जोगेश्वरी गेल्यावर म्हणाल्या, ‘शंभरातले चार. मी थांबले होते तिथे. आगी लागल्या नव्हत्या असं नाही गं. लागल्या, पण ह्यांनी विझेपर्यंत दार उघडलं नाही.’ उतरायच्या आधी म्हणाल्या, ‘तीस वर्षं मी तब्येत बघितली. स्वभाव बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.’ त्यांचा आवाज कोथिंबिरीचा भाव सांगावा तसा होता. मी त्यांचा हात धरला तर तो मी धरलाय हे त्यांना कळल्यासारखं वाटलं नाही.

तेव्हापासून त्या तशाच आहेत. कांदिवलीला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहतात, भाडं पेन्शनमधून. दिंडोशीहून आणलेली खोकी अजून तशीच भिंतीला लागून आहेत, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. मासे आणणं बंद झालं. जी बाई बांगडा ताजा आहे का हे मासळीवालीशी वाद घालून ठरवायची, ती वरणभात खाते आणि ताट धुऊन ठेवते. सोसायटीतले लोक फोन करून वाटेल ते बोलतात. एकानं तर बिल्डरकडून किती घेतलेस असं विचारलं. ताई ऐकून घेतात आणि फोन ठेवतात. मी म्हटलं, अहो भांडा, शिव्या द्या, निदान रडा तरी. त्या म्हणाल्या, काही येतच नाही गं, दात काढायच्या वेळी हिरडी बधिर असते ना, तसं झालंय. मला त्यांची भीती वाटायला लागली आहे.

एक गोष्ट मात्र चालू आहे. दर तीन महिन्यांनी ‘स्थैर्य’चे नवे आकडे जाहीर होतात, तेव्हा त्या ते छापून आणतात आणि पेन्सिली काढून बसतात. का वाचता, म्हणून मी एकदा खडसावून विचारलं. सवय आहे, म्हणाल्या. कंपनीची तब्येत सुधारतेच आहे. राखून ठेवलेला पैसा आता कायद्याच्या साडेतीन पट झालाय. त्या अहवालाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, कंपनीला मान्य नसलेल्या दाव्यांची एक ओळ असते. प्रत्येक कंपनीच्या अहवालात असते, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. आपण सगळे आता त्या ओळीत राहतो, असं ताई म्हणाल्या. मी हसले नाही आणि त्याही हसल्या नाहीत.

धाकूकाकांनी त्यातल्या त्यात त्यांना थोडा धीर दिला होता. ते आता विरारला लेकीकडे असतात. शेवटी आम्ही कोर्टात गेलोच होतो, तिथल्या एका तारखेला बाकावर शेजारी बसले असताना ताईंनी त्यांना स्वतःहून विचारलं, काका, उजवा कौल मिळून काम फसलं असं कधी झालं का हो? काका म्हणाले, ‘जाता, फसता कधी कधी. पण देव खोटा बोलना नाय. तुमी इचारलास काय, ता बघूचा लागता. लगीन जुळात काय इचारला तर देव हो म्हणता. लगीन टिकात काय, ता कोणी इचारल्यानच नाय.’ राणेंनी काय विचारलं होतं ते आठवा, असंही ते म्हणाले. देऊ शकेल का. तेवढंच विचारलं, तेवढ्याचंच उत्तर मिळालं. त्या दिवशी परत येताना ताईंनी बसस्टॉपवर माझ्याबरोबर अर्धा कप चहा घेतला. बऱ्याच महिन्यांत त्यांनी काही आपणहून मागितलं ते एवढंच. प्रश्न चुकला होता, आपण नाही, या आधारावर त्या थोड्याफार तग धरून होत्या.

परवा पुन्हा तारीख होती. दिंडोशीचं कोर्ट आमच्या जुन्या इमारतीच्या इतकं जवळ की जिन्याच्या खिडकीतून आमचा प्लॉट दिसतो. तीन स्लॅब, त्यातून वर आलेल्या गंजलेल्या सळया, खाली वॉचमननं वाळत घातलेले कपडे. कंपनीच्या वकिलानं कागदपत्रांसाठी मुदत मागितली आणि आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या वळणावर शांताबाई उभ्या होत्या. प्रबुद्ध सुट्टी काढून त्यांना नालासोपाऱ्याहून घेऊन आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, श्वेताताई, ही हट्टच धरून बसली यार, मला घर बघायचंय म्हणून, आणि डॉक्टर म्हणतात आता फार फिरवू नका. बाई अर्ध्या झाल्या होत्या. खिडकीच्या गजाला धरून त्या खाली बघत होत्या.

ताई त्यांच्याजवळ गेल्या. शांताबाई इतक्या दिवसांत ताईंना एक शब्दही वाकडा बोललेल्या नव्हत्या, त्यांनी फोनसुद्धा केलेला नव्हता. त्यांनी ताईंना बघितलं, ओळखीचं हसल्या, आणि विचारलं, ती कंपनी अजून बरी हाय का? बुडाली बिडाली तर नाय?

‘नाही बुडाली,’ ताई म्हणाल्या. ‘पहिल्यापेक्षा चांगली आहे.’

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, मग देत्याल, आज ना उद्या. मला वाटलं ताई मान हलवतील आणि विषय संपेल. संपवायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. पण ताईंना आयुष्यात अर्धवट उत्तर देता आलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘पैसा आहे, शांताबाई. पण ते देतात का, हे मी तेव्हा बघितलंच नाही. मला तसं कुणी विचारलं नव्हतं.’

शांताबाईंनी गज सोडला. त्या रागावल्या नाहीत, त्यांना जरासं आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

‘म्या इचारलं हुतं की, ताई,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या घरी, खाटंवर बसला हुता तुमी. देत्याल का, म्हणूनच इचारलं हुतं.’

मीही त्या खाटेवर होते. मला आठवलं, आणि ताईंना आठवलेलं मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. प्रबुद्ध आजीला हळूहळू एकेक पायरी उतरवत खाली घेऊन गेला. ताई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी हाक मारली, दोनदा मारली. शेवटी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट पकडून ठेवला, आणि त्या मला विचारत होत्या, मी काय सांगितलं गं तिला, श्वेता, मी तिला काय सांगितलं.